सायलसनं फोडलेला बांध

ऑक्टोबर सरत आला होता. तळ्याच्या कडेकडेनं बर्फाची पातळ पापडी धरायला लागली होती. अशात सायलसनं बीव्हरांच्या, झाडं कुरतडून पाणी अडवणाऱ्या त्या प्राण्यांच्या, बांधाला भोक पाडलं.

मनात वाईट काही नव्हतं. पंधरा दिवसांत काठावर ताजं कुरतडलेलं एक झाड दिसलं नव्हतं, पाण्यावर शेपटीचा एक फटका ऐकू आला नव्हता. आत कोणी आहे की घर ओस पडलंय, हे ओळखायची इथल्या जुन्या शिकाऱ्यांची रीत ठरलेली. बांधात पंजाएवढं भोक पाडायचं आणि निघून यायचं. आत कोणी असेल तर सकाळपर्यंत ते चिखलानं लिंपलेलं सापडतं. तान्हं रडलं की आईला बसवत नाही ना, तसं वाहतं पाणी ऐकलं की बीव्हरला बसवत नाही.

पण परत येताना सायलसची कंबर धरली. हॅरिएटनं, त्याच्या बायकोनं, त्याला अस्वलाची चरबी चोळून तीन दिवस अंथरुणात दाबून ठेवलं. चौथ्या दिवशी दोघं तळ्यावर आली, तर पंजाएवढ्या भोकाचं दार झालेलं. तळं कंबरभर खाली गेलेलं. हिवाळ्यासाठी पाण्यात रचून ठेवलेल्या फांद्या चिखलात उघड्या पडलेल्या.

"ओसच होतं म्हणायचं," सायलस म्हणाला. त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं.

हॅरिएट तळ्यातल्या बीव्हरांच्या घराच्या शेंड्याकडे बघत होती. काटक्या-चिखलाच्या त्या ढिगाऱ्याला वर हवेपुरती फट असते. तिथल्या काटक्यांवर गोठल्या वाफेचं पांढरंशुभ्र दहिवर फुललं होतं. पिसासारखं, नाजूक.

"ओस घर श्वास घेत नाही, म्हाताऱ्या," ती म्हणाली.

मग भोक बुजवायला कोणी आलं का नाही? सायलस वाकड्या अल्डरच्या झाडाशी, भोक पाडलेल्या जागी, बराच वेळ उभा राहिला. आणि त्याचं त्यालाच उमगलं. वीस हिवाळे तो याच जागी बांध फोडायचा आणि त्याच फटीत सापळा मांडायचा. इथलं कुटुंब फार आटलं, तेव्हा गेली सहा वर्षं त्यानं या तळ्याला विसावा दिला होता. पण या वेळी त्याचा हात सवयीनं जुन्या जागीच गेला होता. आत जी कोणी म्हातारी बीव्हर असेल, तिनं पाहिलं होतं की या फटीकडे गेलेलं माणूस परत येत नाही. माणूस म्हणजे तिचं माणूस.

आठवड्याभरात कडक थंडी पडणार होती. एवढंसं पाणी तळापर्यंत गोठलं असतं, घराचं पाण्याखालचं दार बर्फानं बंद झालं असतं, आणि आतली सगळी आतच राहिली असती. सापळ्यात मिळालेल्या प्रत्येक बीव्हरची हाडं सायलसनं मानानं पाण्याला परत दिली होती, कुत्र्याच्या तोंडी एक लागू दिलं नव्हतं. हे मरण मात्र कसल्याच मानाचं नव्हतं.

"बुजवू या," तो म्हणाला.

त्यानं लाकडं तोडली, फटीत आडवी टाकली. पाण्यानं ती उचलून नेली. पुन्हा टाकली, पुन्हा नेली. हॅरिएट काठावर बसून बॅनकचा, तव्यावरच्या जाड रोटीचा, तुकडा चघळत बघत होती. दर हिवाळ्यात ती शिकाऱ्यांच्या तळांना जोडणाऱ्या रानातल्या रेडिओवर एका बीव्हर नवरा-बायकोच्या गोष्टी सांगायची. त्यातला नवरा प्रत्येक काटकी उलटी लावायचा आणि दोष पाण्याला द्यायचा. साऱ्या तळांवरचे लोक हसून लोळायचे, आणि दुकानात सायलस भेटला की त्याच्या शेपटीची चौकशी करायचे.

"पाण्यालाच अक्कल नाही," सायलस पुटपुटला.

हॅरिएटला ठसका लागला. हसू ओसरल्यावर ती बूट घट्ट करून पाण्यात उतरली. "आडवी नाही रे. प्रवाहाच्या दिशेनं, लांबट. वर दगड. मग शेवाळ, मग चिखल."

"तुला कोणी शिकवलं?"

"तू सापळ्याची जागा बघत होतास, तेव्हा मी त्यांना बघत होते."

दुपार कलेपर्यंत दोघं राबली. तो दगड देई, ती रची. ती चिखल थापी, तो शेवाळ दाबी. बोटं लाल झाली, मग निळी झाली. पाणी झिरपत होतं, पण वाहत नव्हतं. याहून जास्त चार म्हातारे हात करू शकत नव्हते.

सकाळी सायलस कंबर विसरून पुढे चालत होता. तळं वीतभर चढलं होतं. चाऱ्याच्या फांद्यांवर पुन्हा पाणी आलं होतं. आणि वाकड्या अल्डरशी, त्यांच्या ओबडधोबड बांधकामावर, कोणीतरी रात्रीत गुळगुळीत चिखल लिंपला होता. त्यावर पाच-पाच बोटांचे छोटे ठसे होते, एक मोठी जोडी, दोन लहान. सायलसची दोन लाकडं उपसून काठावर टाकलेली होती.

हॅरिएटनं ती बघितली आणि हसू ओठांत दाबलं.

सायलस गुडघ्यावर बसला. ठशांना हात न लावता त्यानं त्यांच्याशेजारी आपला पंजा नुसता धरला.

"आलीस तू," तो पाण्याकडे बघत हळू म्हणाला. "या जागी आलीस. आता इथं मी यायचा नाही."