तांब्याचा पत्रा

"अरे, माझा पत्रा कुणी पळवला?"

दशांशरावांनी टेबलाचा तिसरा खण उपसला तरी पत्रा सापडेना. नोकरीचा शेवटचा दिवस, पाच वाजता पासवर्ड बंद होणार, आणि नेमका आजच हा गायब.

पत्रा म्हणजे कागदासारखा पातळ तांब्याचा तुकडा, डबीत जपलेला. दशांशरावांचं खरं नाव प्रयोगशाळेत आता कुणाला आठवत नव्हतं. अकरा वर्षं ते एकच प्रोग्रॅम लिहीत होते आणि जगाला फुकट वाटत होते. पण आवृत्ती कायम शून्य पूर्णांक काहीतरी. ०.३, ०.५, ०.९. "एक म्हणायचं तर पुरं झालं पाहिजे," असं म्हणायचे, म्हणून हे नाव पडलं. सकाळी डबा देताना बायकोसुद्धा म्हणाली होती, "आज तरी एकचा आकडा दिसू दे बाई! लेकीचं लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला, आणि तुमचं आपलं शून्यच." आज तो एक होणार होता. उद्यापासून इथे विकतचा प्रोग्रॅम येणार होता आणि यांच्या प्रोग्रॅमला कुणी हात लावणार नव्हतं.

प्रोग्रॅमचं काम ऐकायला सोपं. नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे, किती शोषले गेले ते मोजायचं, आणि त्या वेड्यावाकड्या रेघेवरून एका अणूपासून शेजारचा अणू किती लांब आहे ते काढायचं. नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी दशांशराव दर वेळी तांब्याचा पत्रा मशीनमध्ये ठेवत. तांब्याचं अंतर पुस्तकात दिलेलंच आहे. उत्तर तंतोतंत जुळायचं आणि स्वारी खूश.

आज पत्रा नव्हता, म्हणून त्यांनी शेजारच्या डबीतला लोखंडाचा उचलला. "तांबं काय नि लोखंड काय, मोजायचंच तर आहे."

उत्तर पुस्तकापेक्षा किंचित कमी आलं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच कमी. मग त्यांनी प्रोग्रॅमच्या ओळी चाळायला घेतल्या आणि ०.३ मध्ये स्वतःच्याच हाताने घातलेली एक ओळ सापडली. तिथे प्रत्येक धातूचा वेगळा आकडा यायला हवा होता. त्यांनी तेवढ्यापुरता तांब्याचा टाकला होता. शेजारी लिहिलंही होतं, 'तात्पुरतं, नंतर बदलू.' त्याला आठ वर्षं झाली होती. आणि तपासणी आपली दर वेळी तांब्यावरच, मग जुळणार नाही तर काय होईल!

आणि दशांशरावांना शंकाबाई आठवली. हे नाव मात्र त्यांनी ठेवलेलं. प्रोग्रॅम वापरणारे चाळीसेक जण, पण पत्र लिहायची ती दूरच्या गावची संशोधक मुलगी एकटीच. प्रत्येक आवृत्तीला तिच्या पाच-सहा शंका ठरलेल्या. सहा वर्षं ती लोखंडाच्या एका संयुगावर काम करत होती. त्यातले अणू सगळ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जवळ बसतात, हा तिचा शोध. सोमवारी तिची पीएच.डी.ची शेवटची परीक्षा. दशांशरावांनी या शोधाचं कौतुक घरीदारी सांगून सांगून लोकांना वीट आणला होता. आता त्यांनी तिचे अणू जितके जवळ निघाले होते तो फरक आणि आपली चूक शेजारी-शेजारी मांडली. दोन्ही आकडे एकच निघाले.

फोन तिने लगेच उचलला. "सर! एक आली का? सोमवारी परीक्षकांना सांगणारे मी, पूर्ण आवृत्तीनेही तेच उत्तर येतं म्हणून."

त्यांनी सगळं सांगितलं, त्या तात्पुरत्या ओळीसकट.

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझे अणू जवळ नाहीतच."

"नाहीत."

"मी विचारलं होतं हो, सर. ०.५ च्या वेळी. एकदा नुसतं लोखंड मोजून बघू का म्हणून."

"विचारलं होतंस. मीच म्हटलं, कशाला मशीनचा वेळ घालवतेस, मी तांब्यावर तपासलंय."

"अजून कुणाला माहितीये हे?"

"कुणालाच नाही."

"मग सोमवारपर्यंत थांबा ना, सर. चारच दिवस. आईबाबांची यायची तिकिटंसुद्धा काढलीयत मी."

"पाचला माझा पासवर्ड बंद होतोय, बाळ. मग मला काही म्हणजे काही बदलता येणार नाही. चाळीस जण वापरतात हे."

"त्या चाळीस जणांनी कधी एक पत्र तरी लिहिलं तुम्हाला?"

दशांशरावांनी पडद्यावरची ती तात्पुरती ओळ पुन्हा वाचली.

"माझं तांबं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं. मग त्यांनी ओळ दुरुस्त केली. लोखंड मोजलं, बरोबर आलं. नाव द्यायच्या चौकटीत सकाळीच टाकून ठेवलेला १.० खोडला आणि ०.९.९ लिहिलं. खाली टीप टाकली: '०.३ पासूनच्या सर्व आवृत्त्यांत तांबं सोडून बाकी धातूंची अंतरं चुकीची येतात. चूक माझी आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष कृपया पुन्हा तपासावेत.' पाचला वीस मिनिटं असताना त्यांनी बटण दाबलं.

थोड्याच वेळात एकाने आवृत्ती उतरवून घेतल्याचं दिसलं. एकानेच. पाठोपाठ पत्र आलं.

'सर, नवी आवृत्ती घेतली. माझ्या सगळ्या नमुन्यांची जुनी मोजमापं पुन्हा घातली. अंतर पुस्तकात आहे तेवढंच येतंय. दुसरं म्हणजे, आलेख छापताना खालची ओळ अजून कापली जाते. हे मी ०.७ लाही लिहिलं होतं.'

दशांशरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'बाळ' एवढं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तेवढ्यात पडद्यावर पासवर्डची चौकट आली. त्यांनी टाकला. घेईना. पुन्हा टाकला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते. तिला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

दार ढकलून मशीनवाला आत आला. "दशांशराव, हा घ्या तुमचा पत्रा. सकाळी पाहुणे आले होते ना, त्यांना दाखवायला नेला. सांगायचं राहूनच गेलं बघा. तुमचं काही अडलं नाही ना?"

"नाही," दशांशराव म्हणाले. त्यांनी पत्रा डबीत ठेवला आणि झाकण लावलं.