हौशाची वेसण आणि अंकिताचं नाक

मुलांनो, वाचता वाचता एक करा. आपली डावी नाकपुडी चिमटीत धरा. हळूच. आता कल्पना करा, की तिथून एक बारीक तार आरपार गेली आहे. नुकतीच गेली आहे. शिंक आली की डोळ्यांत पाणी येतंय, तोंड पुसताना टॉवेलचा धागा अडकला तर ओरडावंसं वाटतंय. आणि घरात येणारं प्रत्येक माणूस "बघू, बघू!" म्हणत ती तार धरून गर्रकन फिरवतंय.

राग आला? मला तर नुसतं लिहितानाच येतो. तोच राग मनात ठेवा आणि माझ्याबरोबर कवठे महांकाळजवळच्या एका वस्तीवर चला. काळ नव्वदच्या दशकातला. गावात फोन एकच, तोही पोस्टात. उन्हाळ्याची सुट्टी, माळावर नुसतं ऊन, आणि एका कौलारू घराच्या ओसरीवर पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली अंकिता.

अंकिताचे वडील फौजेत, लांब उत्तरेला. घरात आई आणि आजोबा. आजोबांचं नाव धोंडिराम, पण अंकिता त्यांना आबा म्हणायची. घराला लागून गोठा होता आणि गोठ्यात हौशा होता. हौशा म्हणजे खिलार जातीचा पांढराशुभ्र खोंड. आबांचा जीव की प्राण.

त्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या आत्याच्या घरी लग्न निघालं. आत्याचं नाव आक्काताई. तिचा एकुलता एक मुलगा सयाजी नवरदेव. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान मामेबहिणीला, म्हणजे अंकिताला मिळाला. हातात पाण्याचा करा घेऊन नवरदेवाच्या पाठीशी उभं राहायचं, सगळ्या मांडवाने आपल्याकडे बघायचं! अंकिता रोज घागरीवरचा तांब्या धरून आरशासमोर उभी राहायचा सराव करत होती.

पण आत्याचा निरोप आला. "पोरीचं नाक टोचून ठेवा. आपल्यात करवली नथीबिगर उभी ऱ्हात न्हाई."

मग आईने तिला सोनाराकडे नेलं. सोनाराने तार आरपार घातली, तिची टोकं पिळली आणि म्हणाला, "चिघळू देऊ नका, म्हंजे झालं."

झालं! चिघळू कसं द्यायचं नाही, ते कोण सांगणार? त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात आबांनी हौशाचंही नाक टोचलं. खोंड अंगाने भरला की त्याच्या नाकातून दोरी घालतात, तिला वेसण म्हणतात. आबांनी दाभण पाण्यात उकळून घेतला, नवी दोरी उकळून उन्हात वाळवली, आणि चौघांनी हौशाला धरलं तेव्हा एका दमात काम उरकलं. हौशा थरथरत उभा राहिला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नात नाक टोचून घरी आली तेव्हा आलं नव्हतं, हे अंकिताने बघून ठेवलं.

त्या दिवसापासून गोठ्यात आबांचा कायदा सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ पाणी खळखळून उकळायचं, त्यात थोडं मीठ टाकायचं, कोमट होईपर्यंत झाकून ठेवायचं. आबा हौदावर साबणाने हात धुवायचे. मग स्वच्छ धुतलेलं फडकं त्या पाण्यात भिजवून हौशाच्या नाकाला नुसतं टेकवायचे. वाळलेली खपली ओढायची नाही. ती पाण्याने मऊ होते आणि आपोआप सुटते. दोरी फिरवायची नाही, सरकवायची नाही. हौशाला पाण्यावर न्यायचं तर तोंडाला बांधलेल्या म्होरकीला धरून न्यायचं, वेसणीला बोटसुद्धा लावायचं नाही.

आणि सगळ्यांना कळावं म्हणून आबांनी हौशाच्या गळ्यातल्या दाव्याला एक लांब लाल चिंधी बांधली. चिंधी दिसली की लांबूनच बघायचं. शेजारच्या हरणाबाई एकदा सहज वेसणीला हात लावायला गेल्या, तर आबा वैरण टाकता टाकता गरजले.

"हात काढ, हरणा! ओली जखम हाय ती!"

"आवं, नुसतं बघतीया न्हवं."

"डोळ्यानं बघ की! बोटाला काय डोळं फुटल्यात?"

हरणाबाई हसत हसत गोठ्यातून घरात आल्या. दाराशी बसून त्यांनी डबी उघडली, मिश्री घेतली, बोटाने दात घासले. मग तेच काळं बोट नि त्याच्याशेजारचा अंगठा पुढे करून त्यांनी अंकिताच्या नाकातली तार धरली आणि फिरवली.

"आई गं!" अंकिता किंचाळली.

"फिरवाय लागतीया बाय, न्हाईतर चिकटून बसतीया."

का हो मिश्रीचं बोट? का? खोंडाच्या नाकाला स्वच्छ फडकं आणि पोरीच्या नाकाला तंबाखूची राख? मी तिथे असतो तर ती डबी हौदात फेकली असती!

हरणाबाई एकट्याच नव्हत्या. दळणाला आलेली बाई फिरवून गेली. दुधाला आलेली फिरवून गेली. एकीने सांगितलं खोबरेल सोडा, दुसरीने सांगितलं हळद भरा, तिसरीने चुलीतली राख सुचवली. आई बिचारी ऐकेल ते करत गेली. तेलावर हळद बसली, हळदीवर राख बसली, राखेवर धूळ बसली. नाकाच्या बाजूला पिवळा-काळा लेप झाला. लेपाखाली नाकपुडी सुजली, लाल झाली, गरम लागू लागली, आणि एके सकाळी तारेच्या कडेने पिवळा पू आला.

"आबा, लय ठणकतंय," अंकिता म्हणाली.

आबा सायकलला पायडल मारत होते. आदल्या दिवशी हौशाच्या नाकावर माश्या बसलेल्या दिसल्या, म्हणून ते जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले होते. नुसत्या माश्या बसल्या म्हणून!

"उतरंल गं," ते वळून न बघता म्हणाले. "पोरीच्या जातीला एवढं सोसाय येतंय."

सोसाय येतंय! मुलांनो, हे वाक्य नीट ऐकून ठेवा, कारण ते तुम्हाला पुष्कळ ठिकाणी भेटेल. टोचलेली जागा ही जखम असते. ती कानाची असो, नाकाची असो, किंवा शहरातल्या मोठ्या मुली हौसेने बेंबीत रिंग घालतात तिथली असो. जखमेला पोरगा-पोरगी काही कळत नाही. तिला स्वच्छ हात कळतात आणि घाणेरडे हात कळतात, बस.

लग्न जवळ आलं तशी आक्काताई स्वतः येऊन धडकली. साताऱ्याहून सांगली, सांगलीहून कवठे, दोन एसट्या बदलून, धुळीने माखून. पाणी प्यायच्या आधी तिने पिशवीतून लाल मखमलीची डबी काढली. आत नथ. मोत्यांची, मधोमध हिरवा खडा, आणि नाकात जाणारी तार चांगली जाड.

"ये गं माझी करवली! बघू, भोक बसलंय का? ती तार काढू आन् ही घालून बघू."

अंकिता भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "आत्या, नको. पू आलाय."

"अगं, सोनं आत गेलं की बरं हुतंय. आमची पण अशीच टोचली. आमी कवा रडलो?"

"मीबी रडत न्हाई. ठणकतंय म्हणून सांगतीय."

"वैनी, पोरीचं तोंड बघा जरा," आत्या अंकिताच्या आईला म्हणाली. "साताऱ्यात सासरला दिली तर नाक कापंल आमचं."

"आधी हे तरी नीट ऱ्हाऊ दे," अंकिता पुटपुटली.

आई तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच गंभीर झाली. नणंदेपुढे काय बोलणार?

तेवढ्यात आबा आत आले. हातात हौशाच्या पाण्याचं वाफाळतं पातेलं होतं. "सुनबाई, चिमूटभर मीठ टाक यात. माझं हात धुतल्यात, मी डब्याला शिवत न्हाई."

अंकिताने आबांच्या धुतलेल्या हातांकडे बघितलं. मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "आबा, हौशाची वेसण आज काढूया का? त्याच भोकातनं जाड, रंगीत कासरा घालूया. लग्नाचं घर हाय. झ्याक दिसंल."

"खुळी का काय तू?" आबा केवढ्यांदा ओरडले! "ओल्या जखमेतनं दोर वढत्यात व्हय? सगळं नाक सडंल. जनावर हातचं जाईल माझं!"

"मग माझं नाक कुणाचं हाय, आबा?"

अंकिताने सुजलेल्या नाकाकडे बोट केलं.

"आत्या तार काढून जाड नथ घालणार हाय. हरणाकाकू मिश्रीच्या बोटानं फिरवतीय. हौशावर माश्या बसल्या तर तुमी डाक्टरकडं गेला, माझ्या नाकात पू झाला तर म्हणला उतरंल. हौशाला चिंधी, मला राख!" अंकिताचा आवाज आता गोड राहिला नव्हता. तो इतका चढला होता, की गोठ्यातल्या हौशाने कान टवकारले असतील.

"जनावर आन् लेक एकच व्हय गं?" आत्या कडाडली.

"न्हाई. जनावराचा मान मोठा हाय ह्या घरात."

आईच्या हातून चिमूटभर मीठ पातेल्यात पडलं आणि डबा खणकन खाली ठेवला गेला. आबा मान खाली घालून पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती, सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. पण ते बोलले काहीच नाहीत, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त राग इथेच येतो. एवढा गरजणारा माणूस! नेमका आत्ताच गप्प?

आत्याने नथ डबीत टाकली आणि डबीचं झाकण मिटलं. "बरं. मग ऱ्हाऊ दे. नथीबिगर करवली मांडवात आणून मी हसं करून घेनार न्हाई. सयाजीच्या चुलत्याची पोरगी हाय की, ती धरंल करा. बोल आता. नथ का ऱ्हाऊ दे?"

अंकिताच्या डोळ्यांसमोर तो मांडव उभा राहिला. नवा परकर, हातातला करा, सगळ्यांच्या नजरा. इतके दिवस आरशासमोर धरलेला तो तांब्या कोनाड्यातून तिच्याकडेच बघत होता. एकदा 'हो' म्हटलं की झालं. एकदाच दुखणार.

आबांच्या हातातलं पातेलं तिने घेतलं आणि तरातरा गोठ्यात गेली.

गोठ्यात तिने आधी साबणाने हात धुतले. पाणी कोमट झाल्याचं मनगटावर थेंब टाकून बघितलं. वळणीवर वाळत घातलेलं स्वच्छ फडकं घेतलं, भिजवलं आणि नाकाला नुसतं टेकवलं. हळूहळू राख सुटली, हळद सुटली, वाळलेला लेप मऊ होऊन गळून पडला. तारेला तिने धक्का लागू दिला नाही. झोंबलं, पण ठणका थोडा हलका वाटला. मग उरलेल्या पाण्यात दुसरं फडकं भिजवून तिने हौशाचंही नाक टिपलं. त्याच्या दाव्याची लाल चिंधी दातांत धरून मधोमध फाडली. अर्धी हौशाला ठेवली, कारण त्याची जखमही अजून ओलीच होती. अर्धी स्वतःच्या वेणीला घट्ट बांधली.

ती परत आली आणि आत्यासमोर मांडी घालून बसली.

आत्याला वाटलं, पोरगी वठणीवर आली. तिने डबी उघडली, एका हाताने अंकिताची हनुवटी धरली आणि दुसरा हात नाकाकडे नेला.

"हात काढ, आक्का!"

आबा बोलले होते. त्यांची नजर वेणीवरच्या चिंधीवर होती. "ओली जखम हाय ती."

"आबा, आवं पण..."

"पण न्हाई आन् बिन न्हाई. करा अंकिताच धरंल. नुसत्या तारेवर धरंल. कोण हसलं तर मला दाव, मी बोलतो त्याच्यासंगं." मग ते अंकितापाशी वाकले, पण हात पाठीमागेच ठेवून. पहिल्यांदाच त्यांनी ते सुजलेलं नाक नीट बघितलं. बघता बघता त्यांचा चेहरा पडला. "सुनबाई, माझी टोपी कुठाय? पोरीला डाक्टरकडं न्यायचंय. आत्ताच. पू मिठाच्या पाण्यानं जात न्हाई, औषध लागतंय."

आत्या पुटपुटत राहिली. पण नथीची डबी पिशवीत गेली, आणि थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तार तरी जरा चकाचक दिसंल न्हवं लग्नात?"

"रोज धुतली की दिसंल," अंकिता म्हणाली.

आबांनी सायकल अंगणात काढली. अंकिता मागे बसणार, इतक्यात हरणाबाई फाटकातून आत आल्या. गालात मिश्री, बोट काळं.

"कुठं निघाली गं बाय? थांब की, नाक बघू तुजं!" आणि बोट पुढे आलं.

अंकिताने हरणाबाईंकडे पाठ फिरवली आणि वेणी दाखवली.