भाताने चिकटवलेले म्यान

मित्रांनो, मी एक जुने म्यान आहे. म्हणजे होते. आता नक्की काय आहे, ते माझे मलाच कळेनासे झाले आहे.

जपानातल्या सेकी गावच्या इवाओ कारागिराने मला चाफ्याच्या कुळातल्या मऊ लाकडातून घडवले. ओगाता घराण्याची पुरातन तलवार माझ्यात विसावणार होती. त्याने दोन फळ्या आतून कोरल्या आणि भात मळून, त्याच्या खळीने जोडल्या.

"एवढी जुनी तलवार, आणि भाताने चिकटवताय? पतंग करताय की काय?" तलवारीचे मालक ओगाता यांची बायको फुमिए म्हणाली.

"पतंगच समजा, बाई. कधीतरी उघडावं लागेल."

मला वाईट वाटले. एवढा कसबी माणूस मला असे कच्चे का ठेवतो?

घरी तर मी पुरते बावचळले. तलवारीचे दुसरे, मिरवायचे, रोगण चढवलेले थाटाचे म्यान दिवाणखान्यात होते. त्यात नुसती लाकडी तलवार, तरी पाहुणे त्याचेच कौतुक करत. खरी तलवार माझ्या पोटात, आणि मी कपाटात. मग मान कुणाचा? मला कधी उलगडले नाही.

एका पावसाळ्यात माझा सांधा किंचित सुटला. ओगातांचा जीव खालीवर झाला. त्यांनी बाजारातला जालीम गोंद आणून फटीत भरला.

"आता हत्तीने ओढलं तरी सुटायचं नाही," ते म्हणाले. अखेर कुणीतरी मला पक्के केले, म्हणून मी हरखले.

पुढे तेल लावायला त्यांनी तलवार उपसायला घेतली, तर ती निघेना. गोंद आत उतरून पात्याला धरून बसला होता. आत गंज चढेल या भीतीने ओगाता मला घेऊन इवाओकडे धावले. त्याने सांध्यात पाचर लावून पाहिली.

"भात कुठे गेला, ओगातासान?"

"मी... जरा पक्कं केलं."

"फार माया केलीत. भात असता तर अलगद उघडलं असतं. आता फोडावं लागेल."

"मला सांगायचं होतंत," फुमिए म्हणाली, "वाटीभर भात घरातच होता."

इवाओने पाचर ठोकली. मी फुटले. पाते बाहेर आले, गंजाचे दोनचार ठिपके सोडता धडधाकट. मला रडू येत होते आणि हायसेही वाटत होते.

माझ्या लाकडाचा एक धड तुकडा तासून इवाओने पट्टी केली. फुमिएने घरून भात आणला. त्याच पट्टीने तो मळून इवाओने नवे म्यान जोडले.

आता मी म्यान की पट्टी? ठाऊक नाही. पण मित्रांनो, जपायचे ते जरूर जपा, फक्त भाताने चिकटवा.