तिसरी हाक

इंद्रनीलच्या मते मी लग्न करण्याऐवजी पोलीस खात्यात जायला हवं होतं. भाजीवाल्यानं स्वतःहून कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली तर मी ती उलटून पाहते, हे खरं आहे. फुकटच्या जुडीत आतली पानं पिवळी निघतात, हेही खरं आहे. घरात एकाला तरी संशय घ्यावा लागतो आणि इंद्रनील घेत नाही. इथे सौदीत, राबिघच्या प्लान्टमध्ये तो म्हणे मीटरवरच्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही, दुसऱ्या मीटरनं पडताळून बघतो. घरी आला की मात्र त्याला सगळं छानच चाललेलं दिसतं.

त्यामुळे आमची इरा हाकेला ओ देईनाशी झाली तेव्हा त्याला गंमत वाटली आणि मला संशय आला.

सुरुवात नूरैनच्या घरी झाली. नूरैन आमच्याच कंपाउंडमध्ये समोर राहते, मूळची लखनौची. तिच्या मुलाचा वाढदिवस होता. केक कापून झाल्यावर तिनं मुलांना एक कार्टून सिनेमा लावून दिला, मेक्सिकोतल्या भुताखेतांच्या गोष्टींवरचा, हिंदीत बोलणारा. मी इराला आणायला गेले आणि शेवटचा अर्धा तास तिथेच बसले. झेंडूच्या माळा, हसणारे सांगाडे, एक नदी, आणि नदीकाठानं फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली बाई. ही बाई मुलांना त्यांच्या आईच्या आवाजात हाक मारायची. जे ओ देईल ते मूल तिचं. गोष्टीतल्या मुलीचा आजोबा बाहुल्या करणारा होता. तो तिला समजावतो, "भूत एक ही बार पुकारता है, बिटिया. जो अपना है, वो तीन बार पुकारेगा."

सगळी पोरं चिडीचूप झाली होती. भुताचा चेहरा इतका गोड काढलेला की मला तेव्हाच आवडलं नाही.

दोनतीन दिवसांनी मी इराला जेवायला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच. तिसऱ्यांदा मी हातातला डाव घेऊनच खोलीत गेले, तेव्हा तिनं मान वर करून मला पाहिलं आणि म्हणाली, "कमिंग."

"कान कुठे ठेवले होतेस?"

"आई, पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नसते. भूत असू शकतं."

इंद्रनील पोट धरून हसला. रात्री त्यानं ही गंमत व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईला, गुहागरला, सांगितली. अलकाबाई म्हणजे माझ्या सासूबाई कौतुकानं नुसत्या फुलून आल्या. "अगो, बरोबरच आहे तिचं! तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं आमच्या आजीनं आम्हाला बजावून ठेवलंन होतं. मेक्सिकोतली भुतं पण आपल्याकडल्यासारखीच म्हणायची!"

झालं. सातासमुद्रापलीकडचं भूत आणि सासरचं भूत एक झालं आणि मी एकटी पडले.

पण मला एक सांगा, तिन्हीसांजेचं भूत सकाळी साडेसहाला शाळेची बस यायच्या वेळी कशाला येईल? आणि नूरैनच्या मुलानं हा खेळ आठवड्यात सोडला, कंपाउंडमधल्या बाकीच्या पोरांनीही सोडला, मग आमच्याच कार्टीला तो सोडवेना, असं का? माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरळ नूरैनकडे गेले आणि विचारलं, "उस दिन बच्चों को और क्या क्या दिखाया था?"

ती दुखावली. "मंजुषा, बच्चों की फ़िल्म थी. मेरा वाला तो अब डायनासोर पे आ गया. तुम हर बात में शक करती हो."

करतेच. कारण एवढ्यावर भागत नव्हतं. इरानं जेवायच्या टेबलावरची जागा बदलली होती. पूर्वी ती इंद्रनीलच्या शेजारी बसायची, आता आम्हा दोघांच्या समोर बसायची. आजीशी साध्या फोनवर बोलायला नको म्हणायची, व्हिडिओच हवा. टीव्हीवर खाली अक्षरं असल्याशिवाय काही बघायची नाही. मी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट लावला की ती उठून दाराशी येऊन बसायची, जणू माझ्यावर पाळत ठेवायला. त्यात शाळेतून बाईंचा निरोप आला, इरा वर्गात लक्ष देत नाही, विचारलं एक तर सांगते भलतंच.

माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. बसमध्ये कुणी त्रास देतं का? कुणी काही दाखवतं का हिला? मी तिचं दप्तर उपसून काढलं. अर्धी चिक्की आणि टोक मोडलेल्या पेन्सिली. सरळ विचारलं, गोडीत विचारलं, एकदा दरडावूनही विचारलं. नऊ वर्षांची पोर, पण ताकास तूर लागू देईना. "नथिंग, आई," म्हणायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. ते बघणं मला उद्धटपणाचं वाटायचं.

शुक्रवारी आमच्याकडे गोपीनाथ जेवायला येतात. इंद्रनीलच्याच प्लान्टमधले. त्यांच्या मुलाला अक्षरं ओळखायला अडचण होती, इथल्या शाळेत त्याचं जमेना, म्हणून बायको त्याला घेऊन मागच्या वर्षी नागपूरला गेली. गोपीनाथ आता एकटे. वरण दोनदा वाढून घेतात आणि निघताना दारात उगाच रेंगाळतात. ते गेल्यावर एकदा इरानं विचारलं, "काका घरी कोणाशी बोलतात?"

"फोनवर बोलतात," मी भांडी उचलत म्हटलं. "काय करणार? इथे अशा मुलांची सोय नसते. पाठवावंच लागतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धुळीचं वादळ आलं. शाळेला सुट्टी, बाहेर सगळं पिवळं. खिडक्यांच्या फटीत मी ओले पंचे कोंबले होते, तरी दातांखाली कचकच लागत होती. नाकातोंडावर ओढणी बांधून मी पोहे परतत होते, एक्झॉस्ट घरघरत होता. इरा बाहेरच्या खोलीत गालिच्यावर चित्र काढत बसली होती, माझ्याकडे पाठ, समोर बंद टीव्ही.

मी दारात उभी राहून हाक मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. ठीक आहे, म्हटलं, नियम तर नियम. तिसरी चांगली खणखणीत मारली.

तरीही काही नाही.

मी चिडून पुढे होणार तेवढ्यात मला बंद टीव्हीच्या काळ्या काचेत तिचे डोळे दिसले. ती चित्रातून मान वर करून त्या काचेत बघत होती. काचेत मागचं दार दिसत होतं आणि दारात मी. तिनं मला पाहिलं, थोडी घुटमळली, पुन्हा खाली बघायला लागली. जराशानं पुन्हा वर पाहिलं. ही पाळतच होती. पण कशावर? मी तर समोर उभी होते, तिला दिसत होते, तिला तीनदा हाक मारून झाली होती.

दिसत नव्हतं ते फक्त माझं तोंड.

मी ओढणी खाली ओढली. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण मी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. इरा. इरा. इरा.

"कमिंग!" असं म्हणून पोर हसत उठली.

मी होते तिथे भिंतीला टेकून खाली बसले. पोह्यांचा करपल्याचा वास यायला लागला तरी मला उठवेना. न मारलेल्या हाकेला माझ्या मुलीनं ओ दिली होती. भुताचा नियम वगैरे काही नव्हतं. तिला ऐकूच येत नव्हतं. आणि मी जगभराचा संशय घेत हिंडले, तो सोडून.

ती माझ्याजवळ आली, माझा चेहरा पाहिला आणि तिला कळलं. तिचं हसू गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"समर हॉलिडेजपासून. थोडं थोडं." मग घाईघाईनं, "सगळंच नाही जात, आई. तू समोर असलीस की कळतं. बाबाच्या मिशा आहेत ना, म्हणून त्याचं जरा डिफिकल्ट होतं."

"आणि ते भुताचं?"

"त्या फिल्मनंतर ईझी झालं. तीनदा हाक मारेपर्यंत तू येतेसच ना बघायला. आणि आजीला पण आवडलं."

"अगं पण सांगायचं नाही का? आईला सांगायचं नाही?"

तिनं खाली पाहिलं. खाली पाहिलं की तिला माझं बोलणं कळत नाही, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मी तिची हनुवटी धरून वर केली.

"मग आपल्याला पाठवून देतील," ती म्हणाली. "बाबा इथे एकटा. गोपीनाथ काकांसारखा. तूच म्हणालीस, पाठवावंच लागतं."

मी तिला कुशीत घेतलं आणि रडले. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून नव्हे, पण दिसलं नाही ते बरं झालं.

इंद्रनील संध्याकाळी आला. मी सांगितलं तर म्हणतो, "सर्दी असेल गं. धुळीनं कान बंद होतात माझेही." मी त्याला दारात उभं केलं आणि म्हटलं, "मार हाक." त्यानं मारली. तिच्या पाठीमागे उभा राहून, चपला न काढता, मारतच राहिला. मग आवाज चिरकला त्याचा. तेव्हा कुठे माझं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मिशी काढून टाकली, मी काही न बोलता. इतक्या वर्षांत मी त्याला मिशीशिवाय पाहिला नव्हता. ओळखूच येईना.

जेद्दाला दवाखान्यात कान तपासायला एक काचेची खोली होती. इराच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हात वर करायचा. डॉक्टरबाई काचेच्या बाहेर बसून बटणं दाबत होत्या आणि इराचा हात भराभर वर जात होता. इंद्रनीलचा चेहरा खुलला. मला मात्र माझं पोर माहीत होतं. मी इंग्रजीत म्हटलं, "डॉक्टर, प्लीज, तिची खुर्ची फिरवा. ती तुमच्या हाताकडे बघतेय."

खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर डॉक्टरबाई बटणं दाबत राहिल्या आणि तो छोटा हात मांडीवरच राहिला. मला माझ्याच संशयाचा इतका राग कधी आला नव्हता, आणि तो सोडण्याची हिंमतही नव्हती.

दोन्ही कानांच्या नसा अधू झाल्या होत्या. का, ते सांगता येत नाही, म्हणाल्या. मशीन लावलं तर पुष्कळ ऐकू येईल, पुढे वाढेल की इतकंच राहील ते दर काही महिन्यांनी बघायचं. इंद्रनीलनं विचारलं, मुलीला भारतात पाठवावं लागेल का? डॉक्टरबाईंना प्रश्नच कळला नाही. "कशासाठी?" म्हणाल्या. शाळेला पत्र देते, पहिल्या बाकावर बसवा, शिक्षकांनी तोंड दाखवून बोलायचं.

शाळा काय करेल ते करेल. माझा त्यांच्यावर काडीचाही विश्वास नाही, दर आठवड्याला जाऊन बघणार आहे. पण परतीच्या वाटेवर इंद्रनीलनं गाडी पेट्रोलपंपावर थांबवली, मागे वळला, आपला तो नवा, उघडा चेहरा इराच्या समोर आणला आणि सावकाश म्हणाला, "जायचं झालं तर तिघं जायचं. राहायचं झालं तर तिघं. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली. आणि मग, "तू शाउट नको ना करू, ओठ वेडेवाकडे होतात."

मशीन आलं, जांभळ्या रंगाचं, तिनंच निवडलेलं. पहिला दिवस ती घरभर फिरून फ्रीजचा आवाज, एसीचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत होती. नूरैन शीरखुर्मा घेऊन आली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माफ़ी छोड़ो, कटोरा वापस करना."

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. एक्झॉस्ट मुद्दाम लावला. इरा तिच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, काच नाही, आरसा नाही, मी आधी पाहून ठेवलं होतं. नेहमीच्या आवाजात हाक मारली, "इरा!"

उत्तर नाही.

डॉक्टर, मशीन, ते विकणारा गोडबोल्या माणूस, सगळ्यांचा एकदम संशय आला. थोडं थांबून मी दुसरी हाक मारली, "इरा!"

काही नाही.

तिसरी मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तर मी काय करणार होते? मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून तशीच उभी राहिले.

आतून वैतागलेला आवाज आला, "आई, तिसरी राहिली ना!"