वाढलेलं वजन

"वा! या वेळी अंगाला लागलंय हो," वजनकाट्यावरचा आकडा पाहून नर्स म्हणाली. मागे उभे असलेले आजोबा नुसते खाकरले. आई मात्र हसली नाही. ठकूच्या पोटात आठवडाभर पाण्याखेरीज काही टिकत नव्हतं. मग वजन वाढलं कुठून?

रक्ताच्या कॅन्सरचं औषध वजनावर मोजून देतात, हे आईने सुरुवातीलाच वाचून ठेवलं होतं. नर्सने आकडा खाली औषधाच्या खोलीत कळवला आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली.

आईने ठकूला खाटेवर बसवून मोजे काढले. सूजच असणार, दुसरं काय? मनात नको नको ते येऊन गेलं. घोट्यावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडेना. पाय होते तसेच, काड्या.

"आई, गुदगुल्या होतात!"

"जाकीट काढ बघू."

"अं हं. आजोबांनी सांगितलंय, काढायचं नाही."

आईने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता.

आईने जाकीट उघडलं. आतल्या खिशांत, फडक्यात गुंडाळून, आजोबांच्या दुकानातली लोखंडी वजनं ठेवलेली होती. दोन्हीकडे सारखी, पोर एका बाजूला कलायला नको म्हणून. उभा जन्म किराणा विकला या माणसाने, पण कुणाला चिमूटभर साखर कमी दिली नाही.

"बाबा! हे काय?"

"मागच्या खेपेला तो डॉक्टर तुला सगळ्यांदेखत बोलला. 'खायला घालता की नाही मुलीला?' म्हणे. तू घास घेऊन हिच्या मागे कशी फिरतेस, ते मी बघतो ना. म्हटलं, या वेळी तोंडच बंद करू त्याचं."

"अहो, त्या आकड्यावरून औषध काढतात! जास्त गेलं तर..."

 ती नर्सकडे धावत सुटली.

नर्सने ऐकलं आणि फोन उचलला. "खिडकीजवळच्या मुलीचं औषध थांबवा. वजन चुकलंय." मग आईकडे वळून, "कुणी केला हा उद्योग?"

"घरातलाच आहे. आमचं आम्ही बघतो," आई म्हणाली.

परत आली तर आजोबा वजनं हातात धरून तसेच बसलेले.

"माझ्या हातून काय झालं असतं गं!"

रागाने तिचं डोकं ठणकत होतं. पण म्हाताऱ्याने वजनं अजून खाली ठेवली नव्हती.

"झालं नाही ना? उठा. आता आकडा तुम्ही वाचा."

"मी? अजून भरवसा आहे तुला?"

"काटा वाचायची सवय घरात दुसऱ्या कुणाला आहे?"

ठकू जाकिटाशिवाय, अनवाणी काट्यावर चढली. आजोबा चष्मा पुसून वाकले. "हलू नका, ठकूबाई. माल नाचायला लागला तर दुकानदाराने करायचं काय?"

आकडा मागच्या खेपेपेक्षाही खाली होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला. नर्सने तो लिहून घेतला.

डॉक्टर आले. नवा आकडा पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आईने तोंड उघडण्याआधी आजोबा पुढे सरकले.

"वजन घटलंय, साहेब. पोरीच्या पोटात काही ठरत नाही. सूनबाई दिवसरात्र तिच्यामागे असते. तिला बोलू नका. काय करायचं ते सांगा."

 डॉक्टर स्टूल ओढून खाटेजवळ बसले.

"आजचा डोस या वजनाप्रमाणे काढू. पण आधी मला सांगा, उलट्या खाल्ल्यावर लगेच होतात, की थोड्या वेळाने?"

आई सांगू लागली.