पांदणीतल्या कंदिलाचा शेवट

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते नीलमला त्या रविवारी पुरेपूर पटलं. भगवंतराव गुरुजींच्या नऊ भयकादंबऱ्यांपैकी कोणती एक पुन्हा छापायची, एवढंच ठरवायचं होतं. पुण्याचा प्रकाशक मोठ्या मिनतवारीनं एका पुस्तकाला कबूल झाला होता. संध्याकाळपर्यंत नाव कळवा, नाहीतर विषय संपला, असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. तिकडे बाळापुरात गुरुजी वाट पाहत होते. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या बेतात होता. त्याआधी आपलं एखादं पुस्तक दुकानात मांडलेलं दिसावं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. नीलम त्यांची शाळेतली विद्यार्थिनी. तिनं शब्द देऊन ठेवला होता.

आणि इथं अमरावतीत, तिच्याच घरी, तिच्याच कूलरची हवा खात वाचकमंडळी भांडत होती. मंडळी म्हणजे दोघं, पण गोंधळ जत्रेचा. अश्विन कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. त्यानं प्रत्येक कादंबरीला शंभरपैकी गुण दिले होते, आणि भूत उशिरा आलं तर कापलेही होते. त्याच्या मते ‘सातवा रहाट’ पहिली. ललिताताई अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या. त्यांचं माप साधं होतं: वाचून झाल्यावर परसात एकटीनं जाववलं, तर पुस्तक बाद. त्या मापानं ‘पांदणीतला कंदील’च पहिली, आणि सगळं अकोला आपल्या मागं आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

आलूबोंडे संपले, चहा दोनदा झाला. पहिल्या नंबरची चौथ्यावर गेली, चौथीची पुन्हा पहिल्यावर आली. अश्विन म्हणे, भीतीचं मोजमाप परसात जाण्यावर कसं करता? ताई म्हणत, मग काय तुझ्या फूटपट्टीनं करू? नीलमनं आधी समजावलं, मग विनवलं, मग हात टेकले. उन्हं उतरायला लागली तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. ही दोघं अशीच भांडत बसली तर गुरुजींना काय तोंड दाखवायचं? शेवटी तिचा तोल सुटलाच.

“ताई, त्या कंदिलाचं नावच काढू नका,” ती म्हणाली. “दोनशे पानं भेव दाखवते, आन शेवटी निघते काय, तर घोंगडं पांघरलेला पाटलाचा भाऊ. शाळेच्या नाटकात बी इतकं फसवत नाईत.”

ललिताताईंनी कप खाली ठेवला. “कोनता भाऊ?”

नीलमला वाटलं, बाई मुद्दाम वेड पांघरून पेडगावला चालल्या. तिनं चिडून शेवटचं प्रकरण सांगितलं. भाऊ पकडला जातो, गावापुढं कबुली देतो, भूत वगैरे काही नसतं असं गुरुजी दोन पानं समजावतात. ताई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

त्यांच्या वडिलांचं अकोल्यात वाचनालय होतं. लोक कादंबऱ्या महिनोन्महिने परत करत नसत, म्हणून वडील भयकादंबऱ्यांची शेवटची पानं उसवून गल्ल्याजवळ ठेवत. पुस्तक परत करा, उभ्या उभ्या शेवट वाचा आणि घरी जा, असा शिरस्ता. अख्ख्या अकोल्याला तो माहीत होता. फक्त या एका कादंबरीची पानं त्यांनी कधी कुणाला दिली नाहीत. याला पुढं काही नाही, गुरुजींनी असंच सोडलंय, म्हणायचे. पोटच्या पोरीलाही तेच सांगितलं.

म्हणजे अमरावती एक पुस्तक वाचत होती आणि अकोला दुसरंच. दिवसभराचं भांडण पाण्यात. नीलमला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. आता गुरुजींना विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि चाचरत सगळं सांगून टाकलं.



“मी मास्तर होतो,” गुरुजी म्हणाले. “पोरं भुतं मानतीन म्हनून शेवटी मानूसच काढला. ललिता, तुया बाबा म्हने, गुरुजी, शेवटानं नास केला. मले लय राग आला होता, बेटा. कुठं संपवली त्यानं?”

ताईंना ते पाठ होतं. घरात एकटी असलेली सून, शेतांमधल्या पांदणीच्या वाटेनं जवळ येत चाललेला कंदील, आणि घर दिसू नये म्हणून तिनं फुंकलेला दिवा. त्यांनी शेवटचं वाक्य हळू आवाजात म्हटलं: “आणि दाराबाहेरून आवाज आला, ‘राहू दे, मले अंधारातच दिसते.’”

भर उजेडात नीलमच्या अंगावर सर्रकन काटा आला. अश्विननं आपल्या गुणांचा कागद गुमान दुमडला.

“तेवढीच छापा,” गुरुजी म्हणाले. “पुढचं नोका घेऊ.” मग पुढं म्हणाले, “त्या बोलन्यापाई तो मरेपर्यंत मी बोललो नाई त्याच्यासंग. आन तो तिकडं माहं पुस्तक सांभाळत बसला होता.”