पहिल्या पानावरचा खुलासा

ड्रायव्हरच्या बायकोने इस्त्री उभी करून ठेवली, पदराला हात पुसले आणि मगच वार्ताहर बाईने पुढे केलेला कागद घेतला. वाचताना तिचे ओठ हलत होते. उद्याच्या पहिल्या पानावर छापायचा खुलासा होता तो. नऊ वर्षांपूर्वी शाळेत जाताना बेपत्ता झालेल्या मुलीचा खरा मारेकरी सापडला आहे, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर निर्दोष होता, त्याच्याकडे बोट दाखवणारी आमची लेखमाला चुकीची होती.

ती लेखमाला बाईनेच लिहिलेली. अकरा भाग. त्यावर पुरस्कारही मिळाला होता. कोर्टाने ड्रायव्हरला पुराव्याअभावी सोडलं, लोकांनी मात्र सोडलं नाही. आता या खुलाशासाठी बाई आठवडाभर संपादकांच्या डोक्यावर बसली होती.

"चांगलं लिहिलंय," बायको म्हणाली. "पण छापू नका."

"अहो, पण..."

"इथे आम्हाला कुणी ओळखत नाही, ताई. उद्या लोक आधी फोटो बघतील, मग नाव. 'निर्दोष'पर्यंत वाचतंय कोण?"

"फोटो काढते."

"आणि नाव?"

बाईने कागद परत घेतला. नाव काढल्यावर खुलासा उरणार तरी कुणाचा?

आतल्या खोलीतून ड्रायव्हर बाहेर आला. केस पार पांढरे झाले होते. त्याने कुणाकडे न बघता चपला पायात सरकवल्या.

"चला, स्टॉपपर्यंत सोडतो. या गल्ल्यांत नवखा माणूस चुकतो."

कोपरा वळल्यावर तो म्हणाला, "ऐकलं मी सगळं. ती घाबरते. तुम्ही छापा. फोटोसकट."

"नक्की?"

"पोरीच्या वडिलांनी वाचायला हवं. रोज सकाळी तिचं दप्तर माझ्या हातात द्यायचे, म्हणायचे, सांभाळून ने रे. कोर्टात समोर बसायचे, नजर हटवायचे नाहीत. बाकीच्यांनी काय समजायचं ते समजू दे."

बाईची पावलं मंदावली.

"ते गेले," ती म्हणाली. "मागच्या वर्षी."

"आणि तो सापडला कधी?"

"पंधरा दिवस झाले."

ड्रायव्हरने मान हलवली, कुणी रस्ता सांगितल्यावर हलवावी तशी.

"म्हणजे शेवटपर्यंत त्यांच्या मनात मीच."

वीस वर्षं बाई असल्या घरांच्या उंबऱ्यांवर उभी राहिली होती. काय बोलायचं ते तिला पाठ होतं. आज त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मुलीच्या वडिलांनी उशाखालून लेखमालेची अकराही कात्रणं काढून दाखवली होती, तिचा हात धरून आभार मानले होते. हे तिने सांगितलं नाही.

दोघं स्टॉपवर पोचली.

"ऑफिसला कधीपर्यंत कळवायचं असतं?" त्याने विचारलं.

"सहापर्यंत."

त्याने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. बस येत होती.

"मग ती म्हणते तसंच करा," तो म्हणाला.